पाण्यात राहून रंग उतरलेली म्हैस

मेलेल्या म्हशीची ओळख पटवायचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात एकदाच आला, आणि त्या एकाच संधीत मी भलत्याच म्हशीची ओळख पटवून मोकळा झालो.

पूर ओसरून तीन-चार दिवस झाले होते. नदीच्या वळणावर गाळात एक म्हैस मरून पडली होती. सरकारी मदतीचा पंचनामा करायला जनावरांचे डॉक्टर आले होते. त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि डोळ्यांत गळ्यापर्यंत झोप. म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला असतो, तो पाहिला की काम होतं. पण इथे बिल्ला नव्हता, कारण अर्धा कानच नव्हता. बिल्ला नसला की ओळखायला घरचं माणूस लागतं. घरचं माणूस म्हणजे माझ्या वहिनी, आणि त्या सकाळपासून आपली हरवलेली म्हैस शोधत नदीच्या खालच्या अंगाला फिरत होत्या. दादा दुधाचा टँकर घेऊन पुराच्या पलीकडे अडकलेला. उरलो मी. शहरातल्या माझ्या घराचं रंगकाम निघालं होतं, म्हणून पंधरा दिवस वहिनींकडे आराम करायला आलो होतो.

"हीच का तुमची?" डॉक्टरांनी विचारलं.

आता गाळात पडलेली म्हैस ही म्हैस आहे एवढंच मला कळत होतं. पण मी विचार केला, आज नाव लागलं नाही तर वहिनींचं नुकसान होईल. म्हटलं, "हीच!"

फोटोसाठी डॉक्टरांनी तिच्या तोंडावर बादलीभर पाणी ओतलं. कपाळावर तळहाताएवढा पांढराशुभ्र चांद निघाला.

"तुमच्या वहिनींनी तर काळीभोर सांगितली होती."

"पाण्यात राहून रंग उतरला असेल," मी म्हणालो.

डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. माणूस फार दमला की त्याला धड हसताही येत नाही आणि भांडताही येत नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी खाली झोकात सही ठोकली, शेपूट काढून. मागून आलेल्या यंत्रानं खड्डा खणला, चुना टाकला, म्हैस पुरली.

संध्याकाळी वहिनी रिकाम्या हातानं परतल्या. मी मोठ्या खुशीत सांगितलं, की सापडली, पंचनामा झाला, पैसे मिळतील. त्या जागच्या जागी खाली बसल्या. मीही फोनमध्ये काढून घेतलेला फोटो दाखवायला लागलो तर म्हणाल्या, "मेलेलीचं तोंड मला दाखवू नका, भावजी." आणि उठून उरलेल्या तिघींच्या धारा काढायला गेल्या.

आमच्या वहिनींची ओळख करून द्यायची तर त्यांच्या तोंडापासून सुरुवात करावी लागेल. वहिनींचा ज्याच्यावर जीव, त्याला त्या शिव्या घालतात. पाण्याचा पंप, गोठ्याचं दार, दादा, चारही म्हशी, सगळे या मायेत न्हाऊन निघालेले. दादा टँकरवरून उतरला की "आला का भटक्या!" ऐकल्याशिवाय चपला काढत नाही. उलट नको असलेल्या माणसाशी वहिनी अतिशय गोड बोलतात. एकदा पेंडीत भुसा मिसळणाऱ्या दुकानदाराला त्यांनी "बरं आहे हो, येते" एवढंच म्हटलं, आणि तो माणूस पुढे महिनाभर रस्ता बदलून जात होता. मला पहिल्याच दिवशी त्यांनी "भिजलेलं पोतं" म्हटलं तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

चार म्हशींत मॅडम ही त्यांची लाडकी. मॅडम हे म्हशीचं नाव. डावं शिंग मोडकं, चाल साहेबिणीची, आणि अर्ज-विनंत्या केल्याशिवाय काही द्यायचं नाही हा बाणा. फरक इतकाच, की या मॅडमना विनंती चालत नसे. वहिनी कासेला हात लावायच्या आधी पाचेक मिनिटं तिचा उद्धार करत, तिचं खाणं काढत, तिच्या आईचं वळण काढत, आणि मग मॅडम कान टवकारून पान्हा सोडत. गोंजारायला गेलं तर दूध चोरायची. घरात येणाऱ्या दुधातलं निम्मं तिचं, म्हणजे घरात येणाऱ्या पैशातलंही.

पूर आला त्या पहाटे पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं आणि वहिनी विळा घेऊन धावल्या. मला वाटलं, काहीतरी वाचवायला. त्यांनी खचाखच चारही दावी कापली.

"वहिनी, अहो, पळून जातील!" मी खाटेवर उभा राहून ओरडलो.

"जाऊ देत! त्यांना पोहता येतं. तुम्हाला येतं का?"

मला येत नव्हतं. वहिनींनी मला माडीच्या शिडीवर ढकललं. जन्मभर सांभाळलेली जनावरं आपल्या हातानं पाण्यात सोडून देणारी बाई मी त्या दिवशी पाहिली. पुढे कळलं, की या धंद्यातल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं निदान जीव घेऊन झगडतं. तिघी दुसऱ्या दिवशी आपापल्या पायांनी परत आल्या. मॅडम आली नाही.

पंचनाम्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मदतीचं बोलावणं आलं. मदत म्हणजे एका म्हशीचे पुढचे दोन पाय येतील इतके पैसे. मागचे दोन ज्याचे त्यानं बघायचे. पण त्याही पैशांची गरज होती. पुरात भिजून पेंड कुजली होती, राहिलेल्या तिघी धसक्यानं निम्म्या दुधावर आल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "चला भावजी, साक्षीदार म्हणून तुम्हीही लागाल." मी इस्त्रीचा सदरा घातला.

खेळाच्या मोठ्या सभागृहात टेबलं मांडली होती. वर पंखा, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये रांग. टेबलावरच्या बाईंनी कागद वळवून वहिनींपुढे सरकवला. वर कोपऱ्यात फोटो होता, खाली सहीची जागा. वहिनींनी पेन घेतलं, आणि सही करताना नजर फोटोवर गेली.

पेन तसंच राहिलं.

"ही माझी नाही," वहिनी म्हणाल्या.

"करा ना सही, मागे रांग आहे."

"अहो, ही म्हैस माझी नाही. माझीचं डावं शिंग मोडकं. हिची दोन्ही धड आहेत. आणि हा चांद कुठला?"

"म्हैस असू दे. पैसे तुमचेच आहेत."

"म्हैस माझी नाही, तर पैसे माझे कसे?"

टेबलावरच्या बाई वहिनींकडे बघतच राहिल्या. त्यांच्यासमोर लोक रडले होते, भांडले होते, एकाच म्हशीसाठी तीन भाऊ तीन खुर्च्यांवर बसले होते; पण पैसे नको म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट केला.

"नको म्हणायला रकानाच नाही हो इथे," त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टर पलीकडच्या टेबलावर होते. ते आले. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. दरम्यान त्यांची झोप झाली होती.

"रंग उतरला असेल, नाही का?" डॉक्टर म्हणाले.

माझ्या पायांखालची फरशी कुणी उचलून नेली असती तर मी त्याला धन्यवाद दिले असते. वहिनी माझ्याकडे वळल्या. आता येणार, असं वाटून मी डोळे मिटले. भिजलेल्या पोत्याच्या पुढचं काहीतरी, पेंडीच्या भुशापेक्षा खालचं काहीतरी. वहिनी म्हणाल्या, "बसा भावजी. दमला असाल."

माझ्या अंगावर काटा आला.

रांगेतून एक माणूस मान उंचावून फोटो पाहत होता. "कपाळावर चांद? ही हळूकाकांची चांदी. फुटक्या पुलापलीकडचे."

"मग त्यांनी अर्ज का नाही केला?" वहिनींनी विचारलं.

"केला असेल. ऐकू कुणाला येणार?"

हळूकाका इतकं हळू बोलतात, की समोरच्याला वाटतं ते नुसता श्वास घेताहेत. टेबलावरच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. "एक म्हातारे रोज येऊन इथे उभे राहायचे," त्या म्हणाल्या. "ओठ हलायचे. मला वाटलं, पुटपुटताहेत. मी म्हणायचे, आजोबा, पुढे सरका."

"यादी बंद कधी होते?" वहिनींनी विचारलं.

"शनिवारी. त्या म्हाताऱ्यांना आणा. आणि ओळख पटवणाऱ्यानं लिहून द्यावं लागेल, की चूक झाली. नाहीतर या म्हशीचे पैसे तुम्हाला नाहीत, आणि त्यांनाही नाहीत."

फुटक्या पुलाच्या कडेकडेनं आम्ही पलीकडे गेलो. वाटेत एका ठिकाणी चिखल होता तिथे वहिनी "जपून हं, भावजी" म्हणाल्या. त्यापेक्षा ढकलून दिलं असतं तरी चाललं असतं.

हळूकाकांचं घर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि पडवीला लागून एका म्हशीपुरता गोठा. झाडलेला, सारवलेला. एकट्या माणसाचं घर असावं तसं, प्रत्येक वस्तू एक. काका दारात बसले होते. आम्हाला पाहून ओठ हलले. आम्ही जवळ गेलो तेव्हा कळलं, की ते "या, बसा" म्हणत होते.

वहिनी बसल्या नाहीत. त्या गोठ्याकडे बघत होत्या. आत अंधारात कुणीतरी रवंथ करत होतं. डोळे सरावले तसं आधी एक शिंग दिसलं, मग शेजारी अर्धं शिंग.

मॅडम!

मी किंचाळलो असं वहिनी नंतर सांगतात. मला आठवत नाही. जिच्या मरणावर मी शेपटीदार सही केली होती ती माझ्यासमोर उभी राहून चघळत होती, आणि माझ्याकडे बघत होती त्या नजरेत, मला वाटलं, पंचनाम्याचा सगळा मजकूर तिला ठाऊक होता.

"पूर ओसरला त्या सकाळी दारात उभी होती," काका म्हणाले. आम्ही दोघंही वाकून ऐकत होतो. "माझी चांदी कुरणात होती नदीकाठी. बांधलेली. दावं सोडायला पोचलोच नाही मी. ती गेली आणि ही आली. कानातला बिल्ला तुटून गेलेला. मी सगळ्यांना विचारलं, कुणाची म्हणून. कुणी काही बोललंच नाही."

बोलणार कसं? ते विचारत होते हेच कुणाला कळलं नसणार.

"दूध देते?" वहिनींनी विचारलं.

"चहापुरतं. मी फार प्रेमानं घेतो तिला. पाठीवरून हात फिरवतो. गाणंसुद्धा म्हणतो."

"गाणं!" वहिनी म्हणाल्या.

आणि पदर खोचून त्या गोठ्यात शिरल्या.

"काय गं महामाये! राजवाड्यात राहायला आलीस? तिकडे तुझ्या वाटणीची गव्हाण रिकामी, मी नदी तुडवून तुडवून पाय झिजवले, आणि तू इथे गाणी ऐकतेस? म्हाताऱ्या माणसाला लुटतेस? अंगाला मांस बघ केवढं चढलंय फुकटचं! सरक! सरक म्हणते ना, दगड!"

मॅडमचे कान उभे राहिले. तिनं नाकातून असा सुस्कारा सोडला, जसा लांबच्या प्रवासातून घरी आलेलं माणूस चपला काढताना सोडतं. आणि कासेतून आपोआप दुधाची धार लागली.

"बादली!" वहिनी ओरडल्या.

मी धावलो. दिसली ती पहिली बादली उचलून आणली. तिला बूड नव्हतं. वहिनींनी तिच्यातून पलीकडची जमीन पाहिली, मग मला पाहिलं.

"दुसरी आणता का, भावजी?" अगदी मऊ आवाजात.

मी दुसरी आणली. वहिनी धार काढायला बसल्या. काढताना म्हशीच्या बरगडीला कपाळ टेकवायची त्यांची रीत, त्यामुळे त्यांचं तोंड दिसत नव्हतं. दूध पूर्वीपेक्षा कमी होतं, लवकर संपलं. पण शिव्या संपल्या नाहीत. हात थांबल्यावरही त्या कपाळ टेकवून तिला किती तरी वेळ नावं ठेवत होत्या, आणि आवाज हळूहळू इतका खाली गेला, की हळूकाकांनी कान पुढे केला.

मग त्या डोळे पुसत बाहेर आल्या आणि वर बघून थबकल्या. पडवीवर नुसते बांबू होते. बांबूंमधून आभाळ दिसत होतं.

"काका, छप्पर कुठे गेलं? पुरात?"

"नाही. पूर इतका वर नव्हता आला."

त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमच्या तोंडातून पेंढ्याची एक काडी लोंबत होती. पुरानंतर वैरण कुठेच मिळत नव्हती, आणि दारी आलेल्या परक्या जनावराला उपाशी ठेवायचं नाही म्हणून म्हाताऱ्यानं आपल्या डोक्यावरचा पेंढा रोज थोडा थोडा उपसून तिला घातला होता. आमच्या मॅडमनी त्यांचं छप्पर खाल्लं होतं.

वहिनी मटकन बसल्याच, काका इतका वेळ "बसा" म्हणत होते तिथे.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना घेऊन सभागृहात गेलो. टेबलावरच्या बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाशी कान नेऊन त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग माझी पाळी.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. "मला म्हशी ओळखता येत नाहीत."

मी लिहिलं. "एवढ्यावर भागेल?"

"पुढे लिहा. पांढरा चांद पाण्यानं पडत नाही."

"हे लागतं का?"

"कागदाला नाही लागत. मला लागतं."

रांग हसली. मी सही केली. या वेळी शेपूट काढलं नाही.

"आता आमच्या मॅडमचंही नाव मेलेल्यांतून काढा," वहिनी म्हणाल्या.

काम झालं, पण काकांचे पैसे यायला वेळ होता. वर जाणार, मंजूर होणार, खाली येणार. परत काकांच्या घरी आल्यावर मी मॅडमचं दावं सोडायला गोठ्यात शिरलो तेव्हा वहिनींनी माझा हात धरला.

"राहू दे तिला इथेच. काकांची दुसरी येईपर्यंत."

"वहिनी! आपल्याकडे दूध नाही, पेंड नाही, मिळायचे ते पैसे तुम्ही नको म्हणालात, आणि आता जिवंत सापडलेली म्हैसही इथेच ठेवायची? आणि दूध कोण काढणार? काका तर गाणं म्हणतात!"

"मी येईन दोन वेळा. निम्मं दूध त्यांचं."

मला वाटलं, पुरानं वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला. पण त्या खरंच रोज सकाळ-संध्याकाळ फुटक्या पुलाच्या कडेनं पलीकडे जायला लागल्या, मॅडमचा उद्धार करायला. मागून डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. नको असंही कुणी म्हटलं नाही. काका पडवीत बसून वहिनींकडून शिकवणी घेत. एकदा त्यांनी स्वतः करून पाहिलं. म्हशीसमोर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "अगं... तू ना... जरा वाईटच आहेस." मॅडमनी शेपटी मारून त्यांची टोपी पाडली. दूध मात्र थेंबभर आलं, आणि म्हातारा लहान मुलासारखा हसला. तेवढं हसू आम्ही उभे होतो तिथपर्यंत ऐकू आलं.

काकांचे पैसे आले तेव्हा माझ्या घराचा रंग वाळून जुना व्हायला लागला होता. त्यांनी एक लहानशी पारडी घेतली. पुढच्या दोन पायांत पारडीच बसते. पडवीवर मी आणि दादानं पेंढा चढवला. मी चढवलेली बाजू नंतर दादानं पुन्हा चढवली. मॅडम वहिनींच्या मागून पूल ओलांडून घरी आली, सगळ्या रस्त्यात बोलणी खात, डुलत डुलत.

या सगळ्या दिवसांत वहिनींनी म्हशींना शिव्या घातल्या, दादाला घातल्या, पंपाला घातल्या, परवा तर हळूकाकांनाही "कान फुटले का हो, केव्हाची हाक मारते" म्हणाल्या आणि काका लाजून लाल झाले. फक्त मला नाही. मला चहा वेळेवर मिळत होता. "झोप लागली ना, भावजी?" अशी चौकशी होत होती. मला तो पेंडवाला दुकानदार आठवत होता.

निघायच्या दिवशी वहिनी गोठ्यात होत्या. मॅडमच्या कासेशी बसून नेहमीचं चाललं होतं, दगड, महामाये, लुटारू. मी खांद्यावर पिशवी अडकवून दारात उभा राहिलो. शेवटी राहवलं नाही.

"वहिनी," म्हटलं, "जाताना एकदा मलाही घाला ना चार शिव्या."

वहिनींनी धार न थांबवता मान वळवली.

"दूध देता का तुम्ही?"